उष्मांकांची शिल्लक आणि सणाचे ताट

बालरोगतज्ज्ञाने मोठ्या माणसांच्या वजनावर लिहावे, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटण्याचा संभव आहे. म्हणून या लेखाचे निमित्त आधी सांगतो.

2022 च्या हिवाळ्यातील गोष्ट. नऊ वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आजी दवाखान्यात आली होती. मुलाचे वजन वयाच्या मानाने बरेच अधिक होते. मी वाढीचा तक्ता पुढे ओढला आणि बिस्किटे, चिप्सची पाकिटे, मोबाइल व मैदान या विषयांवरील माझे नेहमीचे व्याख्यान सुरू केले. आजींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि उठता उठता म्हणाल्या, "पोराचं सांगतलं ते बरं केलं डॉक्टरसाहेब, पण आधी आपलं पोट पाहा ना जी."

नातू हसला, परिचारिका हसली, मीही हसलो. रात्री मात्र वजनकाट्यावर उभा राहिलो तेव्हा हसू आले नाही. उंची 168 सेंटिमीटर, वजन 84 किलो, कमरेचा घेर 104 सेंटिमीटर. भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या पुढे गेला की अतिवजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा मानावा, तसेच पुरुषांच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या व स्त्रियांचा 80 च्या आत असावा, हे मी इतरांना सांगत आलो होतो. माझा बीएमआय जवळजवळ 30 होता.

त्यानंतरच्या चौदा महिन्यांत माझे वजन 10 किलोंनी उतरले. त्यासाठी मी जो मार्ग धरला त्याला 'शिल्लक आणि सण' असे म्हणता येईल: रोज थोडे कमी खावयाचे, त्यातून उरलेले उष्मांक खात्यावर जमा समजावयाचे आणि सणासमारंभाच्या ताटासाठी ते खर्च करावयाचे. हा मार्ग कोठवर खरा आहे, कोठे फसवा आहे आणि कोणाच्या बाबतीत घातक आहे, हे मला स्वतःच्या चुकांमधून कळले. त्यांतील एक चूक माझ्यापुरती मर्यादित राहिली नाही. ती सांगण्यासाठीच मुख्यतः हा लेख आहे.

दोन राज्यांचे फराळ

1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा व सौंसर मध्य प्रदेशात राहिले. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आपली कचेरी हिंदीत चालते आणि स्वयंपाकघर मराठीत. याचा परिणाम पोटावर असा झाला आहे की, सकाळी बसस्थानकाजवळ पोहे-जलेबी मिळते आणि नागपूरकडचे पाहुणे आले की तर्री-पोहेही होतात. हिवाळ्यात शेतावर रोडगे, वांग्याची भाजी आणि तुपात बुडवलेला गूळ. जामसावळीच्या मारुतीचे दर्शन झाले की प्रसाद आलाच. मृग बहाराची संत्री उतरली की बागेत जेवणे. वैशाखात लग्ने. आणि या सर्वांचा राजा म्हणजे पोळा. त्या दिवशी पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, जाम नदीच्या पात्रात गोटमार. त्या दोन दिवसांत पांढुर्ण्यातील कोणत्याही घरी पाहुण्यांवाचून पंगत उठत नाही.

अशा गावात राहून 'गोड बंद, तूप बंद, सण बंद' असा पथ्याचा कागद रुग्णाच्या हाती देणे फारसे उपयोगाचे नाही. तो कागद पोळ्यापर्यंत टिकत नाही, आणि एकदा मोडला की माणूस म्हणतो, 'आता मोडलेच आहे, तर दिवाळी होऊन जाऊ द्या.' म्हणूनच शिल्लक ठेवून सण साजरा करण्याची कल्पना मला व्यवहार्य वाटली.

खाते कसे चालते?

उष्मांक म्हणजे ज्याला आपण बोलताना कॅलरी म्हणतो ते माप. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 4 आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 9 उष्मांक मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये दिलेल्या प्रमाणांनुसार 65 किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे 2110 आणि 55 किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या स्त्रीला सुमारे 1660 उष्मांक लागतात. खुर्चीत बसून नाड्या पाहणारे आपण सर्व याच वर्गात मोडतो.

शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 उष्मांकांचा साठा. शरीर आपला हिशेब मध्यरात्री बारा वाजता बंद करीत नाही. सोमवारी 400 उष्मांक कमी पडले आणि रविवारी 400 अधिक झाले, तर आठवड्याअखेर चरबीच्या साठ्यात लक्षात येण्यासारखा फरक पडत नाही. या अर्थाने शिल्लक ही कल्पना शास्त्राला धरून आहे. एका ताटाने कोणी लठ्ठ होत नाही आणि एका उपवासाने कोणी सडपातळ होत नाही.

आता पोळ्याचे ताट मांडून पाहू. घरची एक मध्यम पुरणपोळी घ्या. त्यात सुमारे 25 ग्रॅम हरभऱ्याची डाळ, तेवढाच गूळ आणि तेवढीच कणीक धरली तर 270 उष्मांक होतात. त्यावर दोन लहान चमचे, म्हणजे 10 ग्रॅम, तूप घेतले की आणखी 90. म्हणजे एक पोळी 360 ची. आग्रहाच्या चार पोळ्या झाल्या की 1440. सोबत कढी, भात, भजी, वडे आणि तळलेली कुरडई धरली तर एक जेवण सहज 2200 च्या घरात जाते. सकाळचा चहा-पोहे आणि रात्रीचे 'थोडेसेच' मिळवले की दिवसाची बेरीज 3200.

माझ्या त्या वेळच्या वजनाला रोजची गरज मी 2300 धरली होती आणि खाणे 1900 वर आणले होते. रोजची शिल्लक 400. सहा दिवसांची 2400. सातव्या दिवशी पोळ्याचे ताट झाले आणि 900 जास्त खर्च झाले. तरीही आठवड्याअखेर 1500 उरले, म्हणजे सुमारे 200 ग्रॅम चरबी उतरली. सणही झाला आणि वजनही उतरले. हे गणित कागदावर मांडले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

काटा खोटे बोलतो तेव्हा

या मार्गावर पहिला धक्का बसतो तो सणाच्या दुसऱ्या सकाळी. पोळ्यानंतरच्या सकाळी माझे वजन दीड किलोने वाढलेले दिसले. महिन्याची मेहनत वाया गेली असे वाटून मी दिवसभर चिडचिडा होतो.

येथे त्रैराशिक मांडावे. दीड किलो चरबी साठण्यासाठी गरजेपेक्षा साडेअकरा हजारांहून अधिक उष्मांक जादा खावे लागतील. म्हणजे बत्तीस पुरणपोळ्या, आणि त्याही रोजच्या जेवणाखेरीज. तेव्हा ती वाढ चरबीची असणे शक्यच नव्हते. गोड व पिष्टमय पदार्थांनी यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा भरला जातो आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. तळणातील व लोणच्या-पापडांतील मीठ आणखी पाणी अडवते. शिवाय आतड्यांत अन्न असतेच. हे सारे तीन-चार दिवसांत ओसरते. पथ्य सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे दोन किलो 'झटकन उतरले' म्हणून आपण सांगत सुटतो, त्यांतही बरेचसे पाणीच असते, हेही प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे.

म्हणून सणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभे राहू नये, आणि राहिलेच तर निष्कर्ष काढू नये.

याची दुसरी बाजूही आहे. 2000 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील 195 प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या त्यांच्या सणांच्या काळात प्रत्येकाचे वजन सरासरी अवघे 0.37 किलो वाढले होते. आकडा क्षुल्लक आहे, पण पुढच्या महिन्यांत ते वजन उतरले नाही, आणि वर्षभरात जी वाढ झाली तिचा बहुतांश भाग याच काही आठवड्यांतला होता. सणाचे पाणी ओसरते, पण सणाची खरी चरबी थोडीशीच असली तरी मागे राहते. दरवर्षीच्या दिवाळीला तेवढी भर पडत गेली तर चाळिशीपासून साठीपर्यंत काय होईल ते सांगावयास नको.

शिल्लक खरोखर असते का?

माझ्या पद्धतीतील पहिली चूक मला गोटमारीच्या दिवशी कळली. त्या दिवशी आम्हा डॉक्टरांच्या वाट्याला टाके घालण्याचे काम येते, मग तो बालरोगतज्ज्ञ असो की त्वचारोगतज्ज्ञ. सकाळपासून सूर्यास्तापर्यंत माझ्या पोटात चार कप चहाखेरीज काही गेले नव्हते. मनात मात्र हिशेब चालू होता की आज निदान हजार उष्मांक वाचले. रात्री घरी आलो. आदल्या दिवशीच्या पुरणाच्या पोळ्या पत्नीने गरम करून वाढल्या. किती खाल्ल्या ते दुसऱ्या दिवशी मुलाने सांगितले तेव्हा कळले. सहा. वर दूध.

भुकेल्या शरीराला शिल्लक ठेवण्याची बुद्धी नसते. दीर्घ उपाशीपणानंतर भूक वाढविणारे संकेत चढलेले असतात, पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्या अवकाशात माणूस वाचवलेल्याच्या दुप्पट खाऊन मोकळा होतो. आपल्या पूर्वजांनी हे फार पूर्वी ओळखले होते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. उपवासाची एक थाळी साबुदाण्याची खिचडी घेतली, त्यात 60 ग्रॅम साबुदाणा, 25 ग्रॅम दाण्याचा कूट आणि 15 ग्रॅम तूप धरले, तर बटाटा वगळूनही 480 च्या वर उष्मांक होतात. ज्वारीची एक बेताची भाकरी सुमारे 200 ची असते. म्हणजे उपवासाची एक थाळी दोन भाकऱ्यांहून जड.

दुसरी चूक लेखणीची. 1992 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्येच आलेला एक छोटा अभ्यास मला फार बोचला. 'आम्ही अगदी कमी खातो, तरी वजन उतरत नाही' असे सांगणाऱ्या दहा लठ्ठ व्यक्तींचे खाणे शास्त्रीय पद्धतीने मोजले गेले. त्यांनी आपले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी सांगितले होते आणि हालचाल 51 टक्के अधिक. त्या व्यक्ती लबाड होत्या असे समजू नये. चाखलेली भजी, मुलाच्या ताटात उरलेले, चहातील साखर आणि कढईतील तेल यांची नोंद मन ठेवतच नाही. माझ्या वहीतही रुग्णांच्या घरून आलेले पेढे कधी नव्हते.

तिसरी गोष्ट शरीराची. 7700 चा आकडा मूळचा मॅक्स विश्नोफ्स्की यांच्या 1958 च्या गणितावरून आला आहे. तो चरबीच्या साठ्याचे मोल बरोबर सांगतो, पण त्यावरून पुढचे भाकीत करता येत नाही. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की, वजन उतरू लागले की शरीराचा रोजचा खर्चही कमी होत जातो. हलक्या शरीराला हलविण्यास कमी इंधन लागते, आणि शरीर काटकसरही करते. म्हणजे पहिल्या महिन्यात 400 ची शिल्लक पाडणारे ताट दहाव्या महिन्यात तेवढी शिल्लक पाडीत नाही.

चौदा महिन्यांनी मी वही उघडून बेरीज केली. एकूण 420 दिवस. रोज 400 उरले असते तर कागदी हिशेबाने सुमारे 22 किलो उतरावयास हवे होते. सणाची ताटे मोजली तर 60 निघाली. त्या प्रत्येक दिवशी शिल्लक तर नव्हतीच, उलट 900 जादा. हे वजा केल्यावर हिशेब 12 किलोंच्या आत आला. प्रत्यक्षात उतरले 10. उरलेला फरक शरीराच्या काटकसरीचा आणि माझ्या विसराळू लेखणीचा. आठवड्याला एक ताट म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण त्याने माझी जवळजवळ निम्मी कमाई खाल्ली. तेवढ्याच काळात 30 ताटे झाली असती तर हिशेब 16 किलोंच्या पुढे गेला असता. आणि ज्या आठवड्यात लग्नसराईमुळे तीन ताटे झाली, त्या आठवड्यात चार दिवसांची 1600 ची शिल्लक तीन दिवसांच्या 2700 च्या खर्चापुढे टिकली नाही. वजन वाढले.

येथे आपल्याच मंडळींसाठी एक गोष्ट नमूद करतो. त्या 60 ताटांपैकी 13 ताटे सणांची नव्हती आणि लग्नांचीही नव्हती. ती आपल्या वैद्यकीय व्याख्यानांनंतरच्या भोजनांची होती. त्यांतील दोन व्याख्याने मधुमेहावर होती.

एका वहीची गोष्ट

आता त्या चुकीविषयी.

वजन उतरू लागले तसे लोक विचारू लागले. एके दिवशी सौंसरजवळच्या एका गावातील शिक्षिका आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला खोकल्यासाठी घेऊन आल्या. मुलीचे वजन तिच्या उंचीला साजेसेच होते. आईने विचारले, "सर, तुम्ही एवढे बारीक कसे झालात?" मी खुशीत होतो. मुलीची छाती तपासता तपासता मी आईला शिल्लक खात्याची गोष्ट रंगवून सांगितली: रोज थोडे वाचवायचे, वहीत जमा करायचे, आणि लग्नात मनसोक्त जेवायचे. मुलगी ऐकत होती. तिच्याकडे माझे लक्ष नव्हते.

साधारण तीन महिन्यांनी तिला पुन्हा आणले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली होती. वजन बरेच उतरले होते, केस गळत होते, हात गार होते आणि दोन महिने पाळी आली नव्हती. आईला वाटत होते की परीक्षेचा ताण असावा. मी मुलीशी एकटीशी, परिचारिकेला जवळ बसवून, बोललो. बराच वेळ ती गप्प होती. मग तिने दप्तरातून एक वही काढून दिली. प्रत्येक पानावर तारीख होती आणि उजव्या बाजूला नेटकेपणाने 'शिल्लक' असा रकाना आखला होता. मामाच्या लग्नासाठी ती शिल्लक साठवीत होती. लग्न होऊन महिना झाला होता. तेथे तिला काहीही खावेसे वाटले नाही, आणि वही मात्र चालूच राहिली. ती म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलं होतं त्यापेक्षा मी जास्त ठेवली."

तीस वर्षांच्या व्यवसायात मला इतके खजील वाटल्याचे आठवत नाही. मी आईची क्षमा मागितली. नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञ मित्राचे आणि आहारतज्ज्ञ बाईंचे साहाय्य घेतले. ती बरी झाली, पण त्याला संपूर्ण शालेय वर्ष लागले. पाळी नियमित होण्यास त्याहून अधिक काळ गेला. ती वही तिने स्वतःहून माझ्याकडे ठेवावयास दिली, आणि ती आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मुलांचे खाते वेगळे

ज्या प्रमाणांनुसार बैठे काम करणाऱ्या आईला 1660 उष्मांक पुरतात, त्याच प्रमाणांनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलीची गरज सुमारे 2400 आहे. म्हणजे लेकीने आईपेक्षा अधिक जेवणे हाच निसर्गाचा नियम. या वयात शरीर हाडे, स्नायू आणि रक्त घडवीत असते. तेथे जे 'उरते' ते जमा होत नाही, ते वाढीतून वजा होते.

ज्या मुलांचे वजन खरोखरच अधिक आहे, त्यांच्या बाबतीतही बहुधा वजन उतरविणे हे उद्दिष्ट नसते. वजन आहे तेथे रोखून धरावे आणि उंची वाढू द्यावी, म्हणजे बीएमआय आपोआप खाली येतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2015 च्या तक्त्यांवर हे स्पष्ट दिसते. ते करण्याची रीत संपूर्ण घराने बदलणे ही आहे. एकट्या मुलाच्या ताटावर पहारा बसवून ते साधत नाही. आजींच्या त्या वाक्याचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला. घरातला मोठा माणूस बदलल्यावाचून पोर बदलत नाही.

मुलांच्या बारीकपणावर समाधान मानण्यातही धोका आहे, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्याने जगाला दाखविले. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. पण पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी आणि त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून असल्याचे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही प्राध्यापक जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र आले. दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. याचा बोध दुहेरी आहे. आपल्याकडे थोडे वाढलेले वजनही महाग पडते, म्हणून मोठ्यांनी ते उतरवावे. आणि उपाशी राहून स्नायू गमावलेला बारीकपणा हा आरोग्याचा नव्हे, म्हणून मुलांना त्या वाटेवर जाऊ देऊ नये.

मोठ्यांसाठी काही नियम

हिशेबाचा मार्ग मी सोडलेला नाही. तो प्रौढांसाठी उपयुक्त आहे, मात्र पुढील मर्यादांसह.

1. आधी ताटे मोजावीत, मग उष्मांक. वर्षाच्या आरंभी कालनिर्णय घेऊन सणांच्या ताटांवर खूण करावी. महिन्याला दोन, फार तर तीन. खूण नसलेल्या दिवशीचे ताट हे साधे ताट.

2. शिल्लक पाडताना जेवण वगळू नये. सणाच्या आधीचे आणि नंतरचे तीन-चार दिवस रोज 200 ते 300 उष्मांक कमी करणे पुरते. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा घेणाऱ्याच्या पोटात केवळ साखरेतून 200 उष्मांक जातात. चहातील साखर, भाजीवरचे तेल आणि संध्याकाळचा चिवडा येथूनच कपात करावी. डाळ, दूध, अंडी व भाजी यांवर कात्री चालवू नये, नाही तर चरबीबरोबर स्नायूही जातात.

3. सणाच्या दिवशी सकाळी उपाशी राहू नये. ताटावर बसल्यावर जे वर्षातून एकदाच मिळते ते आधी घ्यावे. पुरणपोळी पोळ्याचीच असते. भात आणि तळण रोज मिळते.

4. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्ताचा उपवास करू नये. नेहमीचे जेवण नेहमीच्या वेळी घ्यावे. शिक्षा म्हणून केलेल्या उपवासाचा शेवट बहुधा दुसऱ्या सणात होतो.

5. चालण्याने शिल्लक फार पडते असे समजू नये. 75 किलोच्या माणसाला तूप लावलेल्या एका पुरणपोळीचे उष्मांक चालून फेडण्यास ढोबळमानाने सात-आठ किलोमीटर लागतील. चालावे ते हृदयासाठी, साखरेसाठी आणि उतरलेले वजन टिकविण्यासाठी.

6. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पाहावे. महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजावा. चार आठवड्यांचा कल पाहावा, एका दिवसाचा आकडा पाहू नये.

7. ज्यांना उष्मांक मोजणे जमत नाही त्यांनी जेवणे मोजावीत. आपल्या शेजारच्या काटोलचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा आग्रह धरीत. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्यांचे ऋण मान्य करून तो विचार महाराष्ट्रभर नेला. ज्या प्रौढांचे अधूनमधूनचे खाणे अशा शिस्तीने थांबते त्यांना त्याचा लाभ होतो. मात्र दोन जेवणांची चार जेवणांएवढी भरपाई केली तर कोणतीच पद्धत चालणार नाही.

8. गर्भवती व स्तनदा माता, अठरा वर्षांखालील मुले, इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणारे मधुमेही, आणि ज्यांचे खाण्याशी नाते पूर्वी कधी बिघडले आहे अशा व्यक्तींनी शिल्लक ठेवण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे.

शेवटी

आज माझे वजन 74 किलो आहे. बीएमआय 26, म्हणजे आपल्या निकषांनी मी अजून पूर्णपणे सुटलेलो नाही, आणि हे वजन दोन पोळे ओलांडून टिकले एवढेच समाधान. वही आता मी ठेवत नाही. कालनिर्णयावरच्या खुणा पुरतात. गोटमारीच्या दिवशी डब्यात दोन भाकऱ्या आणि पिठले नेतो आणि दुपारी एकला, कितीही गर्दी असली तरी, पाच मिनिटे बाजूला बसून खातो.

दवाखान्यात एक बदल मात्र कटाक्षाने केला आहे. कोणी मोठ्या माणसाने माझ्या वजनाविषयी विचारले आणि खोलीत मूल असेल, तर मी म्हणतो, "नंतर फोन करा." मुलांसमोर आम्ही खेळाविषयी बोलतो, झोपेविषयी बोलतो, या वर्षी संत्र्याला भाव काय मिळाला याविषयी बोलतो. माझ्या व्यवसायबंधूंना आणि सर्व पालकांना माझी हीच विनंती आहे. आपला हिशेब आपल्यापाशी ठेवावा आणि पोळ्याच्या दिवशी लेकराच्या ताटात पोळी वाढताना ती कितवी आहे हे मोठ्याने मोजू नये.